मुठीतला चिंचोका

यंदा देणगी कुणाला द्यायची, हे कंपनीने आम्हालाच विचारलं. कँटीनमध्ये शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम अशा नावांचे तीन वाडगे मांडले आणि मत म्हणून प्रत्येकाच्या हातावर एकेक चिंचोका ठेवला. मी ताट सावरत डाव्या हातानेच टाकून मोकळी झाले. पॅकिंगमधल्या सुलभाताई मात्र तो डाव्या मुठीत धरूनच जेवल्या.

"टाका की, ताई," मी म्हटलं.

"थांब गं. आजवर कंपनीकडून घेतच आले. द्यायचं कुणाला, हे पहिल्यांदाच विचारतायत."

खरंच, देणं हे साहेबांचं काम, असंच आम्ही धरून चाललो होतो.

ताईंनी हात धुतले, पदराला पुसले, चिंचोका उजव्या हातात घेतला. वृद्धाश्रमाच्या वाडग्यात तो ठेवताना त्या किंचित वाकल्या, घेणारं माणूस समोर बसलेलं असावं तशा.