सुभेदारांची अळणी मोहीम

तीन म्हातारे रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसले की दुसरं काय होणार? किस्से साचतात! रोह्यात कुंडलिकेच्या काठावर आमचा बाक. मी एसटीतला रिटायर्ड कंडक्टर, हसनभाई कुवेतहून कायमचे परतलेले, आणि तिसरे सुभेदार नाना. नानांची अठ्ठावीस वर्षं फौजेत गेली, त्यातली बरीच जंगलात, गनिमी काव्याने लढणाऱ्या टोळ्यांच्या मागावर. एवढं मोठं सैन्य मूठभर माणसांपुढे का हरतं, हा त्यांचा आवडता विषय. आम्हाला तो तोंडपाठ होता. गेल्या वर्षी लढाई त्यांच्या घरातच पेटली आणि आम्हाला प्रॅक्टिकलही बघायला मिळालं!

झालं असं, की वहिनींचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरांनी मीठ पार बंद केलं. वहिनींचं माहेर वडखळजवळ खाडीकाठी, वडलांचं मिठागर. "मिठाच्या ढिगावर खेळलेली पोर मी! मला अळणी गिळायला सांगतात!" असं त्या आल्यागेल्याला सांगत सुटल्या. नाना म्हणाले, "आठवड्यात बंदोबस्त करतो."

* * *

पहिला बंदोबस्त बरणीचा. घरात मीठ फक्त नानांच्या ताटापुरतं. रात्री जेवण झालं की नाना बरणीवर मिठाच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारायचे आणि रोज सकाळी तपासायचे. चार दिवस मीठ रेघेखाली गेलं नाही. नाना बाकावर छाती फुगवून बसले.

पाचव्या दिवशी आले ते तोंड वाकडं करून. "कंडक्टर, माझी आमटी गोड लागतेय रे!"

वहिनी मीठ काढून तेवढीच साखर आत टाकत होत्या!

* * *

नाना नेहमी सांगायचे, "जंगल त्यांचं असतं. आपण नकाशा बघतो, ते पाऊलवाट बघतात." स्वयंपाकघराचा नकाशा नानांकडे नव्हताच. डाळीचे डबे, देवाच्या फोटोमागची जागा, तांदळाची कणगी, सगळी झडती घेऊन झाली. हाताला लागलं काय, तर स्वतःचाच हरवलेला चष्मा.

"बघा, माझा फायदाच हाय तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

* * *

"आणि जनता," नाना म्हणायचे, "जनता त्यांच्या बाजूची असली की खेळ संपला."

ईदला हसनभाईंच्या घरून दोन पुडाचा डबा आला. नानांनी वरचा पूड उघडला. शेवया, गोड. पास! खालच्या पुडात सुक्या जवळ्याची खारट चटणी होती.

आणि लपवू कशाला, मीही जनतेतलाच. वहिनींनी एकदा हात धरला, "भावजी, पेणला चाललाव तर दोन पापड आणाल?" त्या हाताला नाही म्हणवेना. आणले, शर्टाच्या आत घालून. दारात नेमके नाना! महिनाभराने भेटल्यासारखी त्यांनी मला मिठी मारली आणि माझं पोट कडकड वाजलं!

नाना मिठी सोडून मागे सरले. नुसते बघत राहिले. ती नजर मला अजून आठवते.

* * *

श्रावणात एका सकाळी वहिनींना श्वास घेता येईना. पाय सुजून भोपळे झालेले. पेणच्या हॉस्पिटलात नेलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, या वेळी वाचल्या, पुढच्या वेळचं सांगू शकत नाही.

बाहेरच्या बाकड्यावर मी आणि हसनभाई खाली मान घालून बसलो. वाटलं, नाना आता आम्हाला उभं जाळणार. मला तर रडूच आलं. नाना म्हणाले, "तुमची चूक नाय. पहारे लावून घर ताब्यात ठेवायला गेलो मी. तिला काय वाटतं, ते विचारलंच नाय."

घरी आल्यावर त्यांनी बरणीवरची रेघ पुसली. झडत्या बंद. वहिनी तीन दिवस भांबावलेल्याच होत्या.

* * *

थंडीत खांब गावी नानांच्या शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि भरपूर जाडं मीठ घालून जाळात भाजायचं, अशी आमची पोपटी. वहिनींसाठी बिनमिठाचं छोटं मडकं वेगळं. नाना आपले त्या छोट्या मडक्यातलंच खायला लागले.

हसनभाई हसले, "नाना, तुम्हाला पण डॉक्टरनं सांगितलं काय?"

"गप खा," नाना म्हणाले.

पण मला राहवलं नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून नानांनी आमच्यासोबत एक भजी खाल्ली नव्हती. घरी जेवताना मीठ घेतल्यासारखं करायचे आणि ताटावर रिकामी चिमूट सोडायचे. मी स्वतः पाहिलं होतं. वहिनींच्या देखत मी ते सांगून टाकलं.

वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. नानांचं ताट वाढलं, भात आणि वालाचं बिरडं. मग पदरातून एकेक पुडी काढून ताटाशेजारी मांडायला लागल्या. सगळ्या मिठाच्या. ही तुळशीतली, ही शिवणाच्या डब्यातली, ही उशीच्या अभ्ऱ्यातली. शेवटची सगळ्यात मोठी.

"ही कुठली गो?" नानांनी विचारलं.

"तुमच्या काळ्या ट्रंकेतली. वर्दीच्या खाली."

"माझ्या ट्रंकेत?"

"तिथं तुम्ही कधी झडती घेतली नायत."

हसनभाईंनी तोंडावर रुमाल धरला. वहिनी मात्र हसत नव्हत्या. त्यांनी पुडी सोडली, चिमूटभर मीठ नानांच्या बिरड्यावर टाकलं आणि समोर बसल्या. "तुमचं काळीज चांगलं हाय. तुम्ही खावा. आणि मला सांगा, कसं लागतं."

नानांनी घास घेतला. कितीतरी वेळ चावत बसले. वहिनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"अळणीच बरं होतं गो," नाना म्हणाले.

"खोटारडे!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.