हँग झालेली होडी

माझ्या आत्याचं भूगोलाचं ज्ञान बेताचंच आहे, पण कुठल्या देशात कणीक कशी मळतात हे ती शपथेवर सांगेल. तिची सगळी नोकरी ठाण्याच्या कोर्टात टायपिंग करण्यात गेली, त्यामुळे शपथ हा शब्द ती जपून वापरते. हे ज्ञान तिला मिळालं ते डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. तो हॉल एकदा आमच्या हातून जवळजवळ गेलेला.

पण सुरुवात विठ्ठलवाडीला झाली. स्टेशनजवळ डीव्हीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. ते कायमचं बंद होत होतं त्या दिवशी मी नेमका समोरून चाललेलो. मालक पोती बांधत होता. त्यातलं एक त्याने माझ्याकडे सरकवलं.

"हे घेऊन जा साहेब. दुकान उघडल्यापासून कुणी हात लावला नाही."

"का? खराब आहेत?"

"खराब नाही हो, पिक्चरच तसले आहेत. गाणी नाहीत, मारामारी नाही. एकात तर एक म्हातारा अख्खा वेळ गाढव शोधतो."

"मग सापडतं का?"

"शेवटपर्यंत बघितलंय कुणी?"

झालं! हे ऐकल्यावर कुठला माणूस ते पोतं तिथे टाकून जाईल? मी ते रिक्षात मांडीवर घेतलं आणि तडक तळमजल्यावर आत्याकडे गेलो, कारण डीव्हीडी प्लेअर अजून तिच्याकडेच होता. आम्ही दोघांनी ते गाढव शोधलं. सापडलं की नाही ते मी सांगणार नाही, तुम्हीही शोधा. सिनेमा संपल्यावर आत्याने रिमोट खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाली, "त्याच्या बायकोने त्याच्या ताटात मीठ वाढलं नाही, बघितलंस? सकाळी भांडण झालंय त्यांचं. म्हणून हा घरी परत जात नाहीये. गाढवाचं निमित्त."

मी कपाळावर हात मारला. मी दीड तास गाढवाकडेच बघत होतो.

तेव्हापासून आम्हाला व्यसनच लागलं. पोतं संपलं तेव्हा मी इंटरनेटवर शोधायला लागलो. ज्या देशांची नावं उच्चारताना जीभ अडखळते तिथले सिनेमे आम्ही पाहिले. बर्फात अडकलेला पोस्टमन पाहिला. लग्नाला नकार देणारी आणि त्या आनंदात ढीगभर पाव भाजणारी मुलगी पाहिली. आत्याचा एक नियम होता: ज्या सिनेमात कुणी जेवत नाही, त्यातल्या माणसांवर विश्वास ठेवायचा नाही.

मग तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण नजरेच्या मधोमध धुकं बसलं. टीव्हीवर संवादांच्या खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी तिला वाचता येईनात. मी वाचून दाखवायला लागलो, पण मला प्रत्येक पात्राचा आवाज काढायची हौस. आत्या वैतागली. "अरे, ती विधवा आहे, तू तिला तमाशातली मावशी करून ठेवलीस!"

म्हणून मी एक जुना प्रोजेक्टर आणला आणि सोसायटीच्या हॉलची पांढरी भिंत गाठली. तिथे अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी दिसायची. पहिल्या रांगेत बसून, मान जराशी तिरकी करून आत्या पुन्हा वाचायला लागली. आमच्याबरोबर आणखी चार-पाच जण यायचे. त्यातले दोन फक्त पंख्यासाठी.

हे सेक्रेटरीच्या डोळ्यांवर आलं. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांना हॉलमध्ये टेबल टेनिस आणायचं होतं.

"अहो डायरेक्टर," ते मला गेटवरच म्हणाले, "चार माणसांसाठी अख्खा हॉल अडवायचा म्हणजे काय? आणि दाखवता काय, तर म्हातारे भिंतीकडे बघत बसलेले!"

"भिंतीकडे नाही, खिडकीकडे," मी म्हणालो.

"एकच ते. सोसायटीच्या वर्धापनदिनाला सगळ्यांना एक सिनेमा दाखवा. लोक शेवटपर्यंत बसले तर रविवार तुमचा. उठून गेले तर टेबल टेनिस. बोला!"

मी घरी येऊन आत्याला म्हटलं, "त्या दिवसापुरता एखादा विनोदी हिंदी लावू या. हॉल वाचेल."

"त्यासाठी हॉल कशाला वाचवायचा?" आत्या म्हणाली. "होडीवाला लाव."

होडीवाला! खाडीकाठच्या गावात दोन भाऊ, बोलणं बंद, सामाईक एक होडी. अख्ख्या सिनेमात मिळून पानभर संवाद. मी मनातल्या मनात टेबल टेनिसची बॅट विकत घेतली.

वर्धापनदिनाला हॉल भरला. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि बटाटेवड्याशिवाय होत नाही. सत्कारमूर्तींची भाषणं झाली, सगळ्यांचे आभार मानले गेले, तेव्हा कुठे सिनेमा सुरू झाला. पहिला अर्धा तास लोक सभ्यपणे बसले. मग मागच्या दाराने वड्यांचा वास आत आला.

आणि नेमकं तेव्हाच ते दृश्य आलं. ओहोटी. चिखलात कललेली होडी. होडीत धाकटा भाऊ पाठमोरा बसलेला. माणूस हलत नाही, कॅमेरा हलत नाही, वारासुद्धा नाही.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. "हँग झालं वाटतं."

"वायफाय गेलं असेल. राउटर बंद करून चालू करा!"

"अहो, पेन ड्राइव्हवर आहे," मी ओरडलो.

"मग पेन ड्राइव्ह काढून परत घाला ना!"

"इंटरव्हल! इंटरव्हल!" पोरांनी टाळ्या सुरू केल्या. खुर्च्या सरकल्या. दोन रांगा उठल्यासुद्धा. सेक्रेटरी प्रसन्न मुद्रेने उठले आणि प्रोजेक्टरचं बटण बंद करायला भिंतीपाशी गेले. आत्याने माझा हात घट्ट धरला.

सेक्रेटरींचं बोट बटणावर होतं. दाबता दाबता त्यांनी भिंतीवरच्या होडीकडे बघितलं, आणि ते तसेच थांबले. क्षणभर मला वाटलं, तेही हँग झाले.

"थांबा रे," ते म्हणाले. मग कुणालाच ओळखू येणार नाही अशा आवाजात, "पानी चरतंय."

हा माणूस कोलशेतचा, खाडीवरच्या घरात वाढलेला, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. पण वर्षानुवर्षं सर्क्युलरच्या भाषेत बोलणाऱ्या तोंडातून त्यांच्या घरची बोली पहिल्यांदा ऐकली.

"पाणी चढतंय हो! हँग कुठलं? तो कडेचा दगड बघा, मघाशी कोरडा होता." त्यांनी भिंतीवर बोट टेकवलं. "भरती लागलीय. तो भरतीची वाट बघतोय. एकटा माणूस चिखलातून होडी ढकलू शकत नाही, भाऊ लागतो दुसरा. भाऊ येत नाहीये, म्हणून बसलाय."

उठलेले लोक उभ्या उभ्याच बघायला लागले. दगड बुडाला. "गेला, गेला!" एक मुलगी किंचाळली. पाणी होडीच्या तळाशी आलं. आता कुणाला वडा नको होता. क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला सुद्धा आमचा हॉल इतका गप्प नसतो.

"आता नाक उचलेल," सेक्रेटरी पुटपुटले. "अजून नाही... अजून नाही... आता!"

होडी हलली. बोटभर उचलली गेली आणि सरळ झाली. हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या! त्यानंतर एक माणूस उठला नाही. वडे पार गार झाले.

सिनेमा संपल्यावर गर्दी बाहेर गेली, सेक्रेटरी मात्र पहिल्या रांगेत येऊन आत्याशेजारी बसले. मला म्हणाले, "तेवढं होडीचं परत लावता का जरा?"

"हॉलचं आधी बोला," आत्या म्हणाली.

"ताई, तुम्ही कोर्टात वकील होता काय?"

"टायपिस्ट. पण हुकूम मीच टाईप करायचे."

सेक्रेटरी हसले. "रविवार तुमचा. टेबल टेनिस शनिवारी."

मी दृश्य पुन्हा लावलं. चिखल, होडी, पाठमोरा माणूस. आत्याने मान तिरकी केली, बघितलं, मग सरळ केली.

"मला तो दगड दिसतच नाही," ती त्यांना म्हणाली. "मघाशी पण दिसला नव्हता. तुम्ही बोलत होता म्हणून कळलं. सांगा बघू, पाणी कुठवर आलंय?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"अजून लांब आहे, ताई," ते हळूच म्हणाले. "बसा निवांत."