दादांचा वडिलोपार्जित मधुमेह

धारहून तार आली तेव्हा मी देवासच्या शाळेत वर्ग घेत होतो. माझे थोरले बंधू, दादा, गेले होते. तार वाचून मला रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

लोक म्हणतात, दादा राजरोगानं गेले. कसला राजरोग! दरबारच्या दफ्तरात दिवसभर गादीवर बसायचं, पाव कोसालासुद्धा टांगा जोडायचा, दुपारी ताणून द्यायची आणि पंगतीत पैजेनं लाडू रिचवायचे. आमच्याकडे आग्रह करणाऱ्याला पुण्य आणि खाणाऱ्याला कीर्ती. दादांनी ती भरपूर मिळवली. मग तहान भागेना, अंग उतरू लागलं. एक दिवस मोलकरीण म्हणाली, "मालिक, मोरी में रोज कीड़्याँ लागी री हे." लघवीच्या जागी मुंग्यांची रांग! वैद्यबुवांनी स्पष्टच सांगितलं, "मधुमेह आहे. वडिलांना होता, म्हणून तुम्हाला भीती आधीचीच. त्यात हे बसणं, हे गोड, हे सुटलेलं पोट. चाला, साखर सोडा. आणि धाकट्यांनीही जपायला हवं." धाकटा मी, शेजारीच बसलो होतो...

दादा खो खो हसले. "वैद्यबुवा, हा तर आमच्या घराण्याचा मान! नांगर धरणाऱ्याला होतो का कधी?" वडिलांची पगडी मिरवावी तसा तो रोग त्यांनी चारचौघांत मिरवला. पुढे जोडा लागला, जखम चिघळली, बोटं काळी पडली, तरी पथ्याचं नाव काढलं की माझ्यावरच डाफरायचे, "मास्तर, शाळेत शिकवा!"

तेराव्याच्या गोड जेवणाला घरातल्या वडीलधाऱ्या काकूंनी मला दादांच्या पाटावर बसवलं. "आता घरात थोरला तू. त्यांचा मान तुझा," म्हणत त्या लाडू वाढायला वाकल्या. कित्येक दिवस मलाही तहान आवरत नव्हती, पण कुणाला बोललो नव्हतो. तिथं भर पंगतीत बोललो आणि पानावर हात आडवा धरला. "गेलेल्या माणसाचा अपमान करतोस?" काकू कडाडल्या. "हो," मी म्हणालो.

निघताना दादांच्या खोलीतून मी एकच वस्तू उचलली, वैद्यबुवांनी फिरायला म्हणून दिलेली काठी. तिच्या लोखंडी टोकावर ओरखडासुद्धा नव्हता. आता रोज सकाळी ती टेकत मी देवासची टेकडी चढतो आणि पायरीपायरीला दादांना शिव्या घालतो. महिन्याभरात टोक घासलं गेलं. एवढंच चालायचं होतं, दादा... एवढंच.