दगडफुलाचं ते मोठं पोतं

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी दुकानातल्या पाटीवर गिरवून घेतली. बाहेर तंजावुरात सगळा कारभार तमिळ. पण मसाल्याच्या बाबतीत मला काही शिकवील असा माणूस या बाजारात नाही, एवढं आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचून तुम्हाला उलट वाटण्याचा संभव आहे.

आमच्या दुकानाचं नाव टिकून आहे ते दगडफुलावर. करडं, सुरकुतलेलं, फाटक्या कागदाच्या चिंध्यांसारखं ते दिसतं. नवखं गिऱ्हाईक कचरा समजून त्याच्यावर फुंकर मारतं. कोरडं असताना ते आपला गुण दाखवत नाही, गरम पळीवर एक पाकळी टाकली की मग कळतं. वडील सांगायचे, हे डोंगरातल्या कातळावर धरतं. मीही चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगत आलो, आणि दर वर्षी माझा कातळ थोडा थोडा उंच होत गेला.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बिर्याणीवाले भाई. आमच्या घरात मांस चालत नाही, त्यामुळे त्यांची बिर्याणी मी कधी चाखलेली नाही. पण मोठं काम असलं की हंडा उघडताना ते मला बोलावून घेतात. झाकण उचलतात, मी वाकून वास घेतो आणि निकाल देतो. पहिल्या वेळी मी आढेवेढे घेतले तेव्हा ते म्हणाले होते, "रावजी, सोवळं जिभेला असेल, नाकाला कशाला?" तेव्हापासून माझ्या निकालाशिवाय हंडा वाढला गेलेला नाही.

दगडफूल येतं कोल्लीमलैच्या डोंगरावरून. तिथली एक बाई वीस वर्षं मला माल पाठवते. ती तिकडे बसवर पोतं चढवते, मी इकडे उतरवून घेतो. आमची ओळख फोनवरची आणि भांडणंही फोनवरचीच. दोन वर्षांपूर्वी तिचं एक पोतं आलं, त्याची गोष्ट मी अजून सांगतो. एकेक पाकळी तळहाताएवढी, वरून करडी, खालून काळीभोर. पळीवर टाकली तर शेजारचा भांडीवाला उठून आला. मी ते पोतं आठ दिवस दुकानाच्या तोंडाशी उघडं ठेवलं, नवरदेवासारखं. सगळ्यांना सांगितलं, हा असला माल ओळखायला नजर लागते. त्याच तोऱ्यात भाईंना शब्दही देऊन टाकला, की तुमच्या मुलीच्या लग्नाला अगदी असाच माल देईन. भाईंनी छातीला हात लावला.

त्यानंतरचं प्रत्येक पोतं हलकं. पाकळ्या नखाएवढ्या, भुगा फार, आणि मध्ये झाडाच्या सालींचे तुकडे. लग्न सहा आठवड्यांवर आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई कातळावरचा खरा माल दुसऱ्याला देते आणि मला झाडावरचं काहीबाही खरवडून पाठवते. साल हाच पुरावा. फोनवर तसं बोललो, तर ती म्हणाली येऊन बघा, आणि फोन ठेवला.

सून शाळेत शिकवते. तिने मोबाइल पुढे धरला. "मामंजी, हे झाडांवरच येतं. शेवाळ आणि बुरशी मिळून संसार करतात, तेच हे."

मी विचारलं, तुझ्या मोबाइलला मसाला भाजता येतो का? ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला हरल्यासारखं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघालो. तिने दहीभात बांधून दिला. मी सालींचे तुकडे रुमालात बांधून घेतले.

त्या घाटाला सत्तर वळणं आहेत. लोकांना उलट्या होतात म्हणे. मला काही झालं नाही. दोन वेळा खिडकीतून डोकं बाहेर काढून डोंगर जवळून पाहिला, इतकंच. दहीभात मात्र वर पोचला नाही.

निघताना फोन केला होता, त्यामुळे बाई स्टँडवर उभी होती. माझ्याच वयाची, कमरेला कोयता, पायात काही नाही. मी तिथेच रुमाल सोडून पुरावा मांडला. तिने साल उचलली, नाकाला लावली आणि इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. मग चढ चढू लागली. मला मागोमाग जावंच लागलं.

वर एक जुनी राई होती. आत ओल, गारवा, आणि बुंध्याबुंध्यावर माझं दगडफूल. झालर लावावी तसं. वीस वर्षं बाईने तिथूनच खरवडलेलं, दर झाडावर हातभर पट्टा तसाच सोडून, कारण तो सोडला नाही तर पुन्हा धरायला माणसाचं आयुष्य जातं, असं ती म्हणाली. मी तरीही एका कातळापाशी गेलो. त्यावर पांढरे-पिवळे डाग होते. नखाने उकरले तर नखच तुटलं. वडिलांना काय दिसलं होतं कोण जाणे. त्यांना डोळ्यांचा त्रास होता.

राईच्या पलीकडे एकदम ऊन लागलं. उतारभर बुंधे कापलेले, आणि मध्ये सिल्व्हर ओकची सरळसोट पोरं, अंगावर मिरीचे वेल चढवलेली. कडेला जी जुनी झाडं राहिली होती त्यांच्यावरचं दगडफूल पांढरं पडून कडांनी वळलं होतं. हात लावला तर भुगा झाला. माझ्या पोत्यातला भुगा तो हाच. बाई म्हणाली, मोठी झाडं होती तोवर धुकं इथे दुपारपर्यंत बसायचं. आता उठून जातं. नवी झाडं आहेत, पण त्यांच्यावर काही धरायच्या आत तीही कापायला येतील.

मी विचारलं, मग ते मोठं पोतं? तळहाताएवढ्या पाकळ्यांचं?

"त्या वर्षीच तर ही झाडं पाडली, शेठ. शेंड्यावरचा माल, जिथे मी जन्मात चढले नसते, तो पायाशी आला. आठ दिवस नुसती वेचत होते."

मी जवळच्या कापलेल्या बुंध्यावर बसलो. आठ दिवस ती इकडे वेचत होती आणि आठ दिवस मी तिकडे नजर लागते म्हणून सांगत होतो.

मग तिने राईतलं एक झाड दाखवलं. त्याच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली होती. मालक खाली शहरात राहतो, पंधरा दिवसांत झाड पडेल, म्हणाली. लग्नासाठी तसाच माल हवा असेल तर तो मिळेल, पोतंभर.

भाईंना दिलेला शब्द माझ्यासमोर साठ-सत्तर हात उंच उभा होता. मी म्हणालो, नको.

"तुम्ही नको म्हटल्याने झाड उभं राहणार नाही."

"ठाऊक आहे. तरी नको. उभ्या झाडावरचं जेवढं निघेल तेवढं दे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. हटवादी म्हातारा, असं काहीसं पुटपुटली, त्यात नवं काही नव्हतं. मग पाच-सहा झाडांवरून, पट्टे सोडत सोडत, माझ्या रुमालात मावेल एवढं खरवडून दिलं.

घरी सुनेने काहीच विचारलं नाही. हे तिचं फार वाईट आहे. शेवटी मीच सांगितलं, की दगडफूल झाडावर येतं, आणि शाळेत मुलांना हे शिकवायला हवं. "शिकवते, मामंजी," एवढंच ती म्हणाली.

भाईंकडे जायला दोन दिवस लागले, रस्ता दहा मिनिटांचा. रुमाल पुढे ठेवून सगळं सांगितलं. कातळाचंही. उभ्या आयुष्यात चूक कबूल करायची सवय नसल्याने मध्ये दोनदा खोकला आला.

भाई म्हणाले, "रावजी, दर पोत्यातल्या साली माझी बायको वीस वर्षं वेचून टाकते. तुम्हाला सांगणार कोण?"

म्हणजे दगडफूल झाडावरचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी घरी जायला उठलो. भाईंनी हाताला धरून बसवलं, रुमाल सोडून माल मोजक्या बोटांनी चाळवला आणि म्हणाले, सात हंडे आहेत, हा एकाला पुरेल, बाकीच्यांना नेहमीचा भुगा. तो कुणाच्या पंगतीला लावायचा ते बघू.

लग्नाच्या दिवशी दुपारी निरोप आला. मी नवं वेष्टी-धोतर नेसून गेलो. सातही हंडे ओळीत होते. भाईंनी सहा ओलांडून शेवटच्याचं, रुमालातल्या मालाच्या हंड्याचं, झाकण उचललं. मी वाकलो, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"वास कमी आहे," मी म्हणालो.

"आहे," भाई म्हणाले. त्यांनी झाकण पुन्हा बसवलं आणि पोरांना सांगितलं, हा मुलीकडच्या म्हाताऱ्यांना वाढा, बाकीच्यांना फरक कळायचा नाही.