रिकामी ठेवलेली पेजेस

आमच्या ऑफिसात घेतलेली मेमरी एखादे वेळी परत मिळते, पण घडलेले किस्से कोणी सोडून देत नाही. साठतच जातात.

कोलशेतची आमची छोटी कंपनी पेशंटच्या उशाशी ठेवायची मशीन्स बनवते. त्यांच्या कर्नलमधली, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, मेमरी माझ्याकडे. मेमरीचे सारखे तुकडे, म्हणजे पेजेस. मागेल त्या प्रोग्रॅमला द्यायची, काम झालं की परत घ्यायची. थोडी पेजेस मात्र मी कोणालाच देत नाही. कारण मेमरी रिकामी करायच्या कामालाही थोडी मेमरी लागते. तेवढीही नसली तर मशीन पेशंटशेजारीच गोठून बसेल. आमचे मॅनेजर पाटणकर यांना नेमकी तीच काढून टाकायची होती.

"काकू, नुसती पडूनच असतात ना ती?"

*

हे सगळं मी डोंबिवलीच्या घरी, मुलं मार्गी लागल्यावर, माझी मी शिकले. इंटरव्ह्यूत पाटणकरांनी विचारलं, डिग्री कुठली. म्हटलं, तुमची कुठली? त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितली.

म्हटलं, "मग तुमचं मशीन का अडकतं?"

सोमवारपासून या म्हणाले.

*

आमचा सावंत त्याच्या प्रोग्रॅमसाठी पेजेस घेतो आणि परत करायला विसरतो. टोकलं तर म्हणतो कसा, "काकू, रिस्टार्ट केलं की मिळतात की सगळी."

"हो का? मग तोवर थांबायला पेशंटला तू सांग हं."

*

एकदा पेजेस भरपूर रिकामी होती, पण सलग नव्हती, म्हणून एक प्रोग्रॅम चालेना. पाटणकरांना हे काही केल्या पटेना. शेवटी आमच्या कळव्याच्या प्रांजलने समजावलं, "सर, पंगतीत खुर्च्या रिकाम्या आहेत, पण इथे एक, तिथे एक. आणि वरमाईला सगळ्या बहिणींसकट एका ओळीत बसायचंय."

पाटणकरांनी बराच विचार केला. "बहिणी कमी करता येतील का?"

*

मेमरी पार संपली की कर्नल एखादा प्रोग्रॅम बंद पाडतो. टेस्टिंगला स्क्रीनवरचा कंपनीचा फिरता लोगो गेला, हृदयाचे ठोके राहिले. पाटणकरांचा चेहरा उतरला. कस्टमरसमोर तरी हे उलटं करता येईल का, असं त्यांनी सावंतला हळूच विचारलं!

*

माझी राखीव पेजेस काढायचा निर्णय घ्यायला पाटणकरांनी मीटिंग लावली. आमची मशीन्स घेणाऱ्या हॉस्पिटलची माणसं माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून वाट काढत वेळेवर आली. मोठ्या खोलीत ट्रेनिंग चालू होतं. दुसरी छोटी खोली आम्ही कायम रिकामी ठेवायचो. ती पाटणकरांनी महिन्यापूर्वीच, नुसती पडून असते म्हणत, खोक्यांनी छतापर्यंत भरून टाकली होती. उरलेली खोकी पॅसेजमध्ये.

पाहुणे लिफ्टपाशी लॅपटॉप छातीशी धरून उभे.

"सावंत, खोकी बाहेर काढ."

सावंतने खोलीत पाहिलं, पॅसेजमध्ये पाहिलं. "काढतो सर. ठेवू कुठे?"

मी माझ्या खुर्चीत बसून होते.

पाटणकर खोक्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकू, ती पेजेस... असू द्यात."