साहेबाला 'तू' म्हटलं म्हणून नोटीस

अगं बायांनो, आत्ताच जव्हारवरून खोडाळ्याला आले. लुगडंपण बदललं नाही, आधी तुम्हाला सांगते. माझ्या नातीची, सुमनची, नोकरी वाचली!

तिनं ऑफिसात नव्या साहेबाला विचारलं होतं, "तू चहा घेशील का?" आमच्या घरच्या बोलीत बापालापण तूच म्हणतात, मराठी बोलतानाही तेच तोंडात येतं. साहेब म्हणाला, "जंगलातली माणसं, यांना रीत कुठली!" आणि उद्धट म्हणून नोटीस दिली. पोरीचं जेवणच सुटलं. पण तिनं मोठ्या मॅडमकडे तक्रार केली.

आज मॅडमनं दोघांना समोरासमोर बसवलं. मीपण गेले, एसटीत उभ्यानं, गुडघ्याचं जाऊ दे. साहेबाचं तोंड सुकलेलं दिसलं म्हणून मी म्हणाले, "बाळा, तू जेवलास का?"

सुमननं कपाळावर हात मारला. मॅडम हसल्या, "साहेब, आता आजींनापण नोटीस काढता का?"

साहेबालाही हसू आलं. सुमनला म्हणाला, "जंगलातली म्हणालो, चुकलं माझं." नोटीस मागे घेतली. मॅडम म्हणाल्या, आधी माणसाला विचारायचं, मग कागद काढायचा.

तुम्ही आपल्या आईला काय म्हणता गं, तू की तुम्ही?