ड्रिल न मारता आलेला आकडा

अमानवी शक्ती वगैरे मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. तरी इथे लिहितेय, कारण आजवर ज्यांना सांगितलं त्यांनी एकतर हात जोडले नाहीतर हसले... आणि मला दोन्ही नको आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. वडील, म्हणजे आमचे दादा, नाचणी-वरीची शेती करायचे. वाडीतली पहिली पदवीधर मी. ते दादांमुळे आणि महाडच्या शाळेतल्या बाईंमुळे, हे कधी विसरणार नाही. पुढे भूशास्त्रात पीएचडीला लागले. विषय होता तेल साठवणाऱ्या खडकातल्या नैसर्गिक भेगा आणि जमिनीखालचा ताण. गुजरातेत काही ठिकाणी तेल सापडतं ते आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या कातळाच्या भेगांत. कुठली भेग उघडी राहील आणि कुठली मिटेल, हे दाब कुठल्या दिशेने आहे त्यावर ठरतं. ती दिशा काढायला खडकावर तीन छोट्या पट्ट्या — स्ट्रेन गेज — चिकटवायच्या आणि भोवतीने ड्रिलने गोल कापायचं. दगड मोकळा झाला की किंचित फुगतो, आणि मीटरवरचे आकडे बदलतात. त्या बदलावरून दाबाची दिशा निघते.

मला हवा तसा अखंड कातळ नेमका वाडीच्या देवीच्या देवळामागे होता. त्यावाचून माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं होतं.

आमच्याकडे अशा कामाआधी कौल लावतात. देवीची पूजा करणाऱ्या गुरवआबांनी तिच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली.

"भोक नाय मारायचा," आबा म्हणाले.

"आबा, वाऱ्याने पडली ती."

"मग जा, वाऱ्याला इचार."

दादा मध्ये पडले. "आबा, पट्ट्या तरी चिकटवू दे तिला. तुमी पाकळ्या चिकटवताच की."

आबा हसले. "चिकटव गो बाय. पर ती मशीन खालीच ऱ्हाऊ दे."

ड्रिलची मशीन खाली रस्त्यावर जीपमध्येच होती. संध्याकाळपर्यंत आबांना पटवेन, या हिशेबाने मी पट्ट्या चिकटवल्या, गोंद वाळू दिला आणि मीटर लावला. आकडे स्थिर. आम्ही तिघे सावलीत बसलो. दादा आबांना माझ्या कॉलेजचं काहीबाही सांगत होते...

आणि आकडे हलले. आधी थोडे उलटे गेले, मग एकदम सुलटे धावले आणि थांबले. ही चाल मी कितीतरी वेळा पाहिली होती — ड्रिल कापत कापत पट्टीच्या पातळीच्या खाली उतरतं तेव्हाच ती दिसते. उन्हाने तिन्ही आकडे एकत्र सरकतात. पट्टी सुटली तर ते भरकटतात. इथे दोन्ही नव्हतं. पट्ट्या घट्ट होत्या. कातळावर पाणी ओतून पाहिलं, नवी भेग कुठेच नाही.

"झाला काय तुजा?" आबांनी शांतपणे विचारलं.

मी मीटरच्या तारा पुन्हा तपासायला लागले.

"काय बिघडला?" दादांनी विचारलं.

"बिघडलं नाही दादा. जुळलं. ड्रिल मारल्यावर होतं तसंच."

नंतर महाडकडच्या नाते गावाजवळच्या एका खाणीत रीतसर ड्रिल मारून मोजलं. दाबाची दिशा तीच निघाली. तरी माझे गाईड म्हणाले, "तो वाडीतला आकडा काढून टाक, लोक हसतील." मी काढला नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "ड्रिलशिवाय आलेला आकडा प्रबंधात कशाला?" मी म्हटलं, "आला, म्हणून." प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. बाकी सगळं दुरुस्त केलं, तो आकडा ठेवून पुन्हा पाठवला. पदवी लांबली... दादा वाडीत सगळ्यांना "यंदा होईल" सांगत राहिले. उशिरा का होईना, झाली.

वाडी म्हणते देवीने दिला. मी म्हणत नाही. गाईड म्हणायचे उपकरण चुकलं. तेही मी म्हणणार नाही. प्रबंधाच्या तक्त्यात त्या आकड्यासमोर, 'ड्रिलची खोली' या रकान्यात मी शून्य लिहिलंय. ते शून्य खरं आहे. आकडाही खरा आहे. दोन्ही एकाच ओळीत कसे, हे मला आजही माहीत नाही.